हीटर घेण्याआधी भिंतीतला पॉइंट बघा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ पाचव्या मजल्यावर फ्लॅट, उत्तरेकडची १० बाय १२ ची खोली, तिथे ७४ वर्षांच्या सासूबाई आणि दीड वर्षाची लेक झोपतात. सासूबाईंचे गुडघे पहाटे धरतात. बजेट ३,००० रुपये. दुकानदार नऊ हजारांचा ऑइल हीटर सुचवतोय, दीर म्हणतात हॅलोजन आणा, आणि मोबाइलवर थेट सॉकेटमध्ये खोचायच्या सहाशे-सातशेच्या छोट्या हीटरची जाहिरात पाठ सोडत नाही. यातला कुठला घ्यावा आणि बिल किती वाढेल?

आधी उत्तर देऊन टाकतो, कारण वायरिंगचा विषय निघाला की मी लवकर आवरत नाही. १०००/२००० वॅट अशी दोन बटणं असलेला, थर्मोस्टॅटचा (ठरलेली ऊब आली की स्वतः बंद-चालू होणारा), कलंडला की आपोआप बंद होणारा ब्लोअर घ्या. सिरॅमिक, म्हणजे पीटीसी प्रकारचा मिळाला तर उत्तम. दीड-दोन हजारांच्या आसपास काम होईल. तो १००० वरच चालवायचा. उरलेल्या पैशांत त्या खोलीतला १६ अँपिअरचा पॉइंट वायरमनकडून तपासून घ्या आणि खिडकीच्या फटी बुजवा. हॅलोजन नको, सॉकेटमध्ये खोचायचा तर मुळीच नको. ऑइल हीटर वाईट नाही, पण तुमची गरज नऊ हजारांची नाही.

आता कारणं सांगतो.

नाशिकची थंडी दिल्लीसारखी नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली उतरतो, निफाडला तर त्याहून खाली जातो, द्राक्षबागांमध्ये पहाटे शेकोट्या पेटतात. पण त्याच दिवशी दुपारी ऊन चटका देतं. त्यामुळे आपल्या भिंती आणि स्लॅब दिवसभर थोडीफार ऊब साठवतात. खरा गारठा पहाटे तीन-चारपासून सूर्य उगवेपर्यंत. म्हणजे इथे चोवीस तास घर तापवायचं नसतं. रात्री झोपण्याआधी तासभर आणि पहाटे दीड-दोन तास, एवढीच ऊब लागते. दुकानात जे मॉडेल 'मोठ्या खोलीसाठी' म्हणून दाखवतात ते उत्तर भारताच्या हिशेबाने असतं. ते आपल्याकडे आणून काय होतं, तर वीस मिनिटांत खोलीत घुसमटायला होतं आणि घरातलं कोणीतरी उठून खिडकी उघडतं.

तुमच्या खोलीचा हिशेब करून बघा. १० बाय १२, उंची १० फूट धरली तर साधारण ३४ घनमीटर हवा. एवढी हवा ७-८ अंशांनी तापवायला एक दशांश युनिटसुद्धा लागत नाही. मग वीज जाते कुठे? थंड भिंती, फरशी, आणि फटीतून बाहेर. भिंतींचं आपण फार काही करू शकत नाही. फटींचं करू शकतो. आपल्याकडच्या ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्यांत दोन काचा जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे फरची बारीक पट्टी असते. चार-पाच वर्षांत ती झिजून सपाट होते आणि तिथून वाऱ्याची धार लागते. रात्री त्या जागी उलटा हात धरून बघा, लगेच कळेल. नवी पट्टी हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते. दाराखालच्या फटीला रबरी पट्टी किंवा गुंडाळलेली जुनी साडी चालते. एवढं केलं तर १००० वॅट तुमच्या खोलीला पुरतात. नाही केलं तर २००० सुद्धा कमी वाटतील. मात्र खोली डबाबंद करू नका. शौचालयाच्या बाजूची वरची झडप उघडी असेल तर ती तशीच राहू द्या.

आता पॉइंट. लोक हीटरचा ब्रँड विचारतात, तो लावणार कुठे हे क्वचित कोणी सांगतं. माझ्या कामात हीटरमुळे जळालेल्या ज्या वस्तू हाती येतात त्यात हीटर फार कमी असतात. सॉकेट, टॉप (म्हणजे वायरच्या टोकाचा पिनांचा प्लग) आणि एक्स्टेन्शन बोर्ड जास्त.

आपला पुरवठा २३० व्होल्टचा. २००० वॅटचा हीटर साधारण ८.७ अँपिअर ओढतो, १००० चा ४.३५. तुमच्या पलंगाजवळ जो मोबाइल चार्जरचा लहान पॉइंट आहे तो ६ अँपिअरचा, आणि त्याच्या मागे बहुतेक घरांत दीड एमएमची (म्हणजे दीड चौरस मिलिमीटर छेदाची) वायर असते. मोठ्या भोकांचा पॉवर पॉइंट १६ अँपिअरचा, त्याला किमान अडीच एमएम वायर हवी. म्हणून २००० वॅटच्या हीटरचा टॉप जाड पिनांचा येतो. तो लहान पॉइंटमध्ये जात नाही, आणि जाऊ नये म्हणूनच तसा बनवलेला असतो. मग कोणीतरी वीस-तीस रुपयांचा कन्व्हर्टर आणतं, जाड पिनेचा बारीक करून देणारा, आणि तिथून सगळी गडबड सुरू होते.

गडबड होते ती अशी. सॉकेटच्या आत पितळेच्या पट्ट्या असतात, त्या पिनेला स्प्रिंगसारख्या घट्ट धरतात. वर्षानुवर्षं टॉप काढून-घालून त्या सैल होतात, किंवा मागचा वायर आवळणारा स्क्रू ढिला होतो. पकड सैल झाली की तिथला रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढतो. समजा तो फक्त अर्धा ओहम झाला. मोबाइल चार्जरला त्याने काही फरक पडत नाही. पण ८.७ अँपिअर तिथून गेले की त्या एका बिंदूवर जवळपास ३८ वॅट उष्णता तयार होते. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने आम्ही कथील वितळवतो. इथे त्याच्या दीडपट उष्णता प्लॅस्टिकच्या डबीत कोंडलेली. तापल्यावर पितळ आणखी सैल पडतं, रोध आणखी वाढतो. फ्यूज उडत नाही, एमसीबी (करंट मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच) पडत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो. हीटर छान चालू असतो आणि भिंतीत सॉकेट शिजत असतं. असं सॉकेट उघडलं की एका भोकाभोवती तपकिरी वलय दिसतं, आतली पट्टी निळसर काळी पडलेली असते, वायरचं इन्शुलेशन इंचभर कडक होऊन बोट लावलं की तुटतं. वास आधीपासून येत असतो, थोडासा खारवलेल्या मासळीसारखा, आणि घरचे लोक शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरावर संशय घेतात.

तपासायची पद्धत सोपी आहे आणि तुमची तुम्हाला करता येईल. हीटर अर्धा तास चालवा. स्विच बंद करा, टॉप बाहेर काढा आणि पिनांजवळच्या प्लॅस्टिकला बोट लावा. कोमट असेल तर ठीक. चटका बसत असेल, किंवा टॉप घालताना-काढताना काहीच जोर लागत नसेल, तर ते सॉकेट बदला. बदलताना वायरमनला सांगा की मागचे स्क्रू आवळताना वायरचं जळकं टोक कापून ताजं टोक घे. हे न करता नुसतं नवं सॉकेट बसवलं की महिन्याभरात पुन्हा तोच वास.

एक्स्टेन्शन बोर्ड हा तर हिवाळ्याचा खास शत्रू. बाजारातले बरेचसे बोर्ड ६ अँपिअरचे, वायर पाऊण एमएमची, आणि एकाच बोर्डावर टीव्ही, राउटर, हीटर. त्यात वायर लांब असली की तिचं वेटोळं करून पलंगाखाली सरकवलेलं. वेटोळ्यात उष्णता बाहेर पडायला जागा मिळत नाही, वरून गादीचं किंवा चटईचं झाकण. खोलीत पॉवर पॉइंट नसेल आणि हीटर लावायचाच असेल, तर डीबीपासून (घरातल्या एमसीबींच्या पेटीपासून) अडीच एमएमची वेगळी वायर ओढून नवा १६ अँपिअरचा पॉइंट घ्यावा. केसिंग-पट्टीतून ओढली तर भिंत फोडावी लागत नाही. खर्च अंतरावर ठरतो, पण तो हीटरच्या किमतीतच धरून चाला.

तुमच्या फ्लॅटमध्ये आणखी एक गोष्ट बघावी लागेल. बेडरूमचा पॉवर पॉइंट आणि त्याच बाजूच्या बाथरूमचा गीझर एकाच एमसीबीवर आहेत का? डीबीतली ती एमसीबी खाली पाडा आणि दोन्ही बंद होतात का पाहा. पहाटे सासूबाईंसाठी हीटर आणि आंघोळीसाठी गीझर एकाच वेळी लागणार. दोन्ही २००० वॅटचे असतील तर १७ अँपिअरच्या वर लोड. १६ ची एमसीबी लगेच पडेल असं समजू नका. एमसीबीची रचनाच अशी असते की क्षमतेच्या थोडा वर, साधारण १८ अँपिअरपर्यंत, करंट तासभर गेला तरी ती न पडता राहू शकते. तेवढा वेळ वायर आणि जोड तापत राहतात. आणि कधी पडलीच, तर 'सारखी पडते' म्हणून ३२ ची बसवून देणारे महाभागही आहेत. एमसीबी वायरच्या रक्षणासाठी असते. वायर तीच ठेवून मोठी एमसीबी लावली की पहिली जळणार ती वायर. हीटर १००० वर चालवला, किंवा गीझर तापून बंद झाल्यावर हीटर लावला, की हा प्रश्नच उरत नाही.

इन्व्हर्टर असेल तर त्याच्या लाइनवर हीटर लावायचा नाही. घरगुती इन्व्हर्टर पंखे-दिव्यांसाठी असतो. आणि लाइट गेली की हीटरचं बटण लगेच बंद करा, टॉप काढा. आपल्याकडे लाइट कधी परत येईल सांगता येत नाही, आणि ती आली तेव्हा हीटरसमोर नेमकी गोधडी सरकलेली असते.

पंचवटीत किंवा जुन्या नाशकात वाड्यात राहणाऱ्यांना वेगळं सांगावं लागतं. तिथे पॉइंटला तीन भोकं दिसतात, पण मागे अर्थिंगची वायर असतेच असं नाही. कधी ती असते पण खाली जमिनीपर्यंत पोचलेली नसते. हीटरचा सांगाडा पत्र्याचा असेल आणि आतली कॉइल तुटून त्याला टेकली, तर अर्थिंग नसलेल्या घरात तो सांगाडा हात लावणाऱ्याची वाट बघत बसतो. अशा घरांत आधी अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळून शॉक बसायची वेळ आली की पुरवठा तोडणारा स्विच), मग हीटर. तुमच्या इमारतीत आरसीसीबी बहुधा असेलच. तिच्यावर 'टी' लिहिलेलं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून ती पडते का पाहत जा.

आता हीटरचे प्रकार. एक गोष्ट पक्की धरा: कॉइल, क्वार्ट्झ, हॅलोजन, सिरॅमिक, ऑइल, काहीही घ्या, १००० वॅटचा हीटर तासाला एक युनिट खातो आणि तेवढीच उष्णता देतो. 'कमी विजेत दुप्पट ऊब' असं खोक्यावर लिहिलं असलं तरी ते होत नाही. फरक असतो तो ऊब कशी पोचते, किती लवकर पोचते आणि किती धोक्याने पोचते यात.

सॉकेटमध्ये खोचायचा छोटा हीटर बहुतेकदा ४०० वॅटचा असतो. त्याने समोर ठेवलेले हात शेकतील, खोली तापणार नाही. शिवाय त्याचं सगळं वजन सॉकेटच्या त्या पितळी पट्ट्यांवर लटकतं, आणि पट्ट्या सैल झाल्या की काय होतं ते वर लिहिलंच आहे.

क्वार्ट्झ आणि हॅलोजन हे रॉडवाले. क्वार्ट्झमध्ये बहुधा ४०० वॅटचे दोन रॉड, हॅलोजनमध्ये तीन. हे हवा तापवत नाहीत, समोर बसलेल्या माणसाला तापवतात. बटण दाबलं की दोन-चार सेकंदांत ऊब. एकट्या माणसाला, पहाटे देवपूजेला किंवा अभ्यासाला बसायचं असेल तर स्वस्त आणि चांगलं साधन आहे; ८०० वॅट म्हणजे साडेतीन अँपिअर, धड असलेल्या लहान पॉइंटवरही चालतं. तुमचे दीर बहुधा असेच एकटे बसत असतील, त्यांना ते पटणं साहजिक आहे. पण तुमच्या घरात दीड वर्षाचं मूल आहे. लाल चमकणारा रॉड बघून ते रांगत तिकडे जाणार, आणि जाळीतून बोट आत जातं. रॉड काचेच्या नळीत असतो, धक्का लागून पडला की फुटतो. साडीचा पदर, दुपट्टा, पडदा समोर आला तर पेटायला वेळ लागत नाही. तुमच्यासाठी हा प्रकार बाद.

ऑइल हीटर म्हणजे ९, ११, १३ फिनांचा (तापणाऱ्या उभ्या पात्यांचा), चाकांवरचा. आतलं तेल बदलावं लागत नाही, ते जळतही नाही, फक्त तापतं. आवाज नाही, उघडी कॉइल नाही, बंद केल्यावरही काही वेळ ऊब देत राहतो. रात्रभर मंद ऊब हवी असेल, घरात दमेकरी असेल, तर त्याच्यासारखा दुसरा नाही. पण तापायलाच पंधरा-वीस मिनिटं घेतो, आणि तुम्हाला हवी आहे पहाटेची दीड तासाची ऊब. शिवाय 'मुलांना सुरक्षित' असं सांगून विकतात ते अर्धसत्य आहे. फिना पेटवत नाहीत, पण हात टेकला तर भाजतात. लहान मूल चटका बसल्यावर मोठ्यांइतक्या चटकन हात मागे घेत नाही. तुम्ही वणीकडे किंवा निफाडला राहत असता, किंवा सासूबाईंना रात्रभर ऊब लागत असती, तर मी नऊ हजार खर्च करा म्हटलं असतं.

राहिला ब्लोअर. मागे पंखा, पुढे तापलेली कॉइल किंवा सिरॅमिक. पाच मिनिटांत खोलीचा गारठा मोडतो. ओरपॅट, उषा, बजाज असे सगळेच १०००/२००० वॅटचे ब्लोअर बनवतात, सुटे भागही मिळतात. साध्या कॉइलच्या ब्लोअरमध्ये पंखा अडकला तर कॉइल लालबुंद होते आणि थर्मल कटआउटने (फार तापलं की वीज तोडणाऱ्या भागाने) वेळेत तोडलं नाही तर पुढचं प्लॅस्टिक वितळतं. पीटीसी सिरॅमिकची गंमत अशी की ते जितकं तापतं तितका त्याचा रोध वाढतो, आणि करंट आपोआप कमी होतो. म्हणजे पंखा अडकला तरी ते स्वतःला आवरतं. दोनशे-चारशे जास्त गेले तरी घ्या म्हणतो ते यासाठी. तोटा काय, तर आवाज होतो आणि धूळ उडते. मोसम सुरू होताना जाळीवरची धूळ कोरड्या ब्रशने झटका, पहिल्यांदा दहा मिनिटं गॅलरीत चालवा. जळक्या धुळीचा वास तिथेच निघून जाईल.

'हीटरने ऑक्सिजन संपतो का?' हे तुम्ही सासूबाईंच्या वतीने विचारलंय. विजेचा हीटर काहीही जाळत नाही, त्यामुळे ऑक्सिजन खात नाही. हवा कोरडी वाटते ते खरं, कारण हवा तापली की तिची पाणी धरायची ताकद वाढते आणि आपलं नाक-घसा कोरडा पडतो. खोलीत पाण्याचं पातेलं ठेवा, मुलीच्या हाताला लागणार नाही असं.

पण हाच प्रश्न शेगडीबद्दल असता तर माझं उत्तर फार वेगळं असतं. आपल्याकडे अजूनही बाळंतिणीच्या खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवतात, थंडी वाढली की दार-खिडकी लावून म्हाताऱ्या माणसाच्या खोलीतही ठेवतात. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांत पाणी येत नाही. धूर दिसत नाही म्हणून शेगडी 'स्वच्छ' वाटते, आणि झोपलेला माणूस झोपेतच बेशुद्ध होतो. जुन्या घरांत कौलं होती, दारांना बोटभर फटी होत्या, आणि त्या फटींनीच माणसं वाचवली. आता आपण खिडक्यांना पट्ट्या लावतो. म्हणून बंद फ्लॅटमध्ये कोळशाची शेगडी, गॅसची शेगडी किंवा रॉकेलचा स्टोव्ह उबेसाठी लावायचा नाही, दहा मिनिटंसुद्धा नाही. धुरी द्यायचीच असेल तर खिडकी सताड उघडी ठेवून द्या आणि लगेच बाहेर न्या. स्वस्तात ऊब म्हणून कोणी शेगडीचा सल्ला दिला तर त्यांना हा परिच्छेद वाचून दाखवा.

बिल. १००० वॅट, रोज तीन तास, ३० दिवस: ९० युनिट. महावितरणच्या घरगुती दरात ० ते १०० युनिटचा टप्पा स्वस्त, त्यापुढचे चढत जातात. तुमचं घर १०० च्या पुढे आधीच गेलेलं असणार, म्हणून हीटरची युनिटं वरच्याच दराने लागतात. वहन आकार, वीज शुल्क धरून ढोबळ १२ रुपये युनिट घ्या, म्हणजे महिन्याला हजार-अकराशे. तुमचा नेमका टप्पा बिलावर छापलेला आहे, त्याने गुणा. हाच हीटर २००० वर चालवला तर थेट दुप्पट, आणि ३०० युनिटांची रेघ ओलांडली तर पुढची युनिटं आणखी महाग. थर्मोस्टॅट असेल तर तो मधेमधे बंद होतो, त्याने काही युनिटं वाचतात. फटी बुजवलेल्या खोलीत तो बराच वेळ बंद राहतो, उघड्या खोलीत राहतच नाही.

उन्हाळ्यासाठी तुम्ही नाहीतरी एसी घ्यायचा विचार करत असाल तर 'हॉट अँड कोल्ड' इन्व्हर्टर एसीची किंमत विचारून ठेवा. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतून उचलून आत आणतो, म्हणून आपल्यासारख्या मवाळ थंडीत एका युनिटला सुमारे तीन युनिटांची ऊब देतो. फक्त हिवाळ्यासाठी घेणं परवडणार नाही. एसी घ्यायचाच असेल तेव्हाचा हा हिशेब आहे.

ठेवायचा कुठे? पलंग, पडदा, कपाट, सगळ्यांपासून किमान तीन फूट. उंच टेबलावर नको, जमिनीवर, सपाट जागी, आणि वायर चालण्याच्या वाटेत नको. सासूबाई पहाटे अंधारात उठतात तेव्हा पाय अडकतो. मुलीचे कपडे आणि दुपटी त्याच्यावर वाळत घालायचा मोह आवरा. थंडीत कपडे सुकत नाहीत हे खरं, पण ब्लोअरची जाळी झाकली गेली की आत उष्णता कोंडते. न्हाणीघरात तर नाहीच, बाळाची आंघोळ असली तरी. खोली आधी तापवा, हीटर बंद करा, मग आंघोळ घाला. रात्री सगळे झोपल्यावर हीटर चालू ठेवायचा नाही. झोपायच्या आधी तासभर खोली तापवा, बंद करा, दार लोटा. पहाटे तुम्ही उठाल तेव्हा लावा. त्यासाठी टायमरचा स्मार्ट प्लग सुचवणारे खूप भेटतील, पण घरात सगळे झोपेत असताना आपोआप सुरू होणारा हीटर मला पटत नाही.

सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी वेगळं सांगतो. त्यांना ऊब गुडघ्यांना हवी आहे, ३४ घनमीटर हवेला नाही. गरम पाण्याची रबरी पिशवी टॉवेलात गुंडाळून, वर गोधडी, वीज शून्य. त्यांना मधुमेह असेल आणि पायांची जाणीव कमी झाली असेल तर पिशवीचं पाणी तुमच्या हाताला सोसवेल इतकंच ठेवा, त्यांना विचारून नको. भाजलेलं त्यांना कळत नाही.

खरेदीला एमजी रोडला जा किंवा ऑनलाइन घ्या, पण खोक्यावर आणि हीटरवरही आयएसआय चिन्ह बघा. रूम हीटरना ते सक्तीचं आहे. चिन्हाखाली सीएम/एल आणि पुढे आकडे असतात. मोबाइलवर 'बीआयएस केअर' ॲप घ्या आणि तो क्रमांक टाका; परवाना कोणाच्या नावे आहे, कुठल्या वस्तूसाठी आहे, चालू आहे का, हे तिथे दिसतं. चिन्ह छापायला काही लागत नाही, क्रमांक जुळायला लागतो. दुकानात तो चालू करायला सांगा आणि पुढून थोडा उचलून कलता करा. लगेच बंद झाला पाहिजे. आडवा-उभा दोन्ही प्रकारे ठेवता येतो अशी जाहिरात असलेल्या मॉडेलांत ही सोय बहुतेकदा नसते, कारण पडलेला आणि आडवा ठेवलेला यातला फरक त्याला कळत नाही. मागची वायर हातात घेऊन बघा. ती टॉपजवळ आणि हीटरजवळ दोन्ही टोकांना घट्ट आणि जाड वाटली पाहिजे. दुकानदार सोबत कन्व्हर्टर फुकट देऊ लागला तर तो तिथेच ठेवून या.

आणि हीटर घरी यायच्या आधी वायरमनला बोलवा. त्या पॉइंटचं सॉकेट, मागचे स्क्रू, अर्थिंग आणि डीबीतली एमसीबी एवढं बघायला त्याला अर्धा तास पुरतो. टेस्टरने नुसती फेज बघून 'सब ठीक है' म्हणाला तर सॉकेट उघडायला लावा.